बनाईचे डोळे

देवाला भिणारी माणसं आमच्या वाशीम जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील, पण देवीवर रुसणारा, तिला रागावणारा, आणि पौषाच्या थंडीत "माय, कान झाकू काय वो तुये?" असं तिलाच विचारणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. माझं माहेर केनवडचं. तिथेही देव होते, पण ते देवघरात होते, सकाळी दोन फुलं घेऊन दिवसभर गप्प बसणारे. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि मनातल्या मनात मी म्हटलं, चला, सासुरवास तरी नाही. पहिल्याच मंगळवारी मी मामाजींपुढे चहा ठेवला, तर त्यांनी कप बाजूला सारला आणि म्हणाले, "आधी बनाईचं होऊ दे, सूनबाई. ते तिथं उपाशी, अन् मी इथं च्या पेऊ?" तेव्हा मला कळलं की या घराला सासू आहे. फक्त ती बनात राहते.

मालेगावहून वाशीमकडे निघालं की थोड्याच अंतरावर आमच्या गावाचा फाटा लागतो. फाट्यापासून कच्च्या रस्त्याने आत आलं की आमचा भाजीपाल्याचा मळा, आणि मळ्याच्या टोकाला कडुलिंबाचं आणि सीताफळीचं दाट बन. त्या बनात बनाईचं देऊळ. देऊळ म्हणजे तरी केवढं, चार माणसं आत गेली की पाचव्याने बाहेरून नमस्कार करायचा. दारात उभं राहिलं की एका अंगाला शेजारच्या शेतातलं घर दिसतं आणि दुसऱ्या अंगाला फाट्याकडून येणारा रस्ता. बनाई म्हणजे शेंदराने माखलेली गुडघाभर उंचीची शिळा. नाक नाही, तोंड नाही, हात नाहीत. आहेत ते फक्त दोन चांदीचे टपोरे डोळे, आणि तेही मेणाने चिकटवलेले. दर मंगळवारी सकाळी देवळाच्या दाराला लाल पडदा लावायचा, डोळे काढायचे, चिंचेने घासून लख्ख करायचे, देवीला तेलात कालवलेला नवा शेंदूर चढवायचा आणि मेण कोमट करून डोळे पुन्हा लावायचे. मग तिला आरसा दाखवायचा, आणि तिने स्वतःला पाहिलं की पडदा काढायचा. हा मान आमच्या घरातल्या पुरुषाचा, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. त्याला दोन नियम. एकदा का मायने डोळे उघडले, की पुढच्या मंगळवारपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि ज्याचे स्वतःचे डोळे अधू, त्याने मायला डोळे लावायचे नाहीत.

मामाजी पडद्याआड देवीशी काय बोलत हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण मी नैवेद्याचं ताट घेऊन पडद्याबाहेर उभी असायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. गावाला वाटायचं, मंत्र चालले असतील. प्रत्यक्षात आत मळ्याची हकिगत चाललेली असायची. "मेथी पिवयी पडून राह्यली माय. मी म्हनतो पानी जास्त झालं, पोरगा म्हनते कमी झालं. तू सांग." थोडा वेळ शांतता. मग, "हां, मी बी तेच म्हनलं त्याले." मळ्यातलं पहिलं वांगं, पहिली भेंडी, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची पहिली जुडी आधी बनाईला जायची, मग बाजारात. कारलं मात्र तिला कधीच गेलं नाही. हे कोणी ठरवलं असं मी एकदा विचारलं. मामाजी गंभीर होऊन म्हणाले, "एक डाव ठेवलं होतं. आठ दिवस तोंड वाकडं करून बसली." बनाईला तोंडच नाही, हे त्यांच्या ध्यानात आणून देण्याची माझी हिंमत झाली नाही.

आणि त्यांचे हात! दर मंगळवारी ओंजळभर शेंदूर कालवून मामाजींचे हात कोपराच्या खालपर्यंत कायमचे शेंदरी झाले होते. त्यामुळे आमच्या घरात जे जे त्यांनी हाताळलं त्यावर त्यांची सही असायची. पाण्याचा माठ, सायकलची मूठ, पंचांगाची पानं, माझ्या लग्नातल्या शालूचा पदर. मी मालेगावच्या शाळेत मास्तरीण होते, आमचे हेही तिथेच मास्तर. एकदा पोरांच्या उत्तरपत्रिका घरी तपासायला आणल्या, तर पहिल्या पाच उत्तरपत्रिकांवर शेंदरी अंगठे. मामाजींनी अक्षर पाहायला म्हणून चाळल्या होत्या. ज्या पोरांना ते अंगठे मिळाले त्यांच्या आयांनी त्या उत्तरपत्रिका जपून ठेवल्या म्हणतात. मालेगावच्या बाजारात तर आमची वांगी लांबून ओळखू यायची, कारण प्रत्येक वांग्याच्या देठाजवळ एक बोट उमटलेलं असायचं. बाया ती वांगी मुद्दाम मागून घ्यायच्या. घरी पाहुणे यायचे असले की म्हणे त्या वांग्यांची भाजी पुरून उरते. फजिती व्हायची ती फक्त राशनच्या दुकानात. तिथल्या यंत्रावर मामाजींनी अंगठा ठेवला की यंत्र लाल दिवा दाखवायचं. शेंदूर रेघांमध्ये असा मुरला होता की यंत्राला रेघच सापडायची नाही. दुकानदार म्हणायचा, "बाबा, हात धुऊन या." मामाजी म्हणायचे, "धुतलेच हायेत. तुयी मशीन धू." शेवटी आमचे हे जायचे आणि स्वतःचा अंगठा लावून गहू आणायचे.

ते रुसायचे तेही पाहण्यासारखं असायचं. एका साली फुलावर आलेल्या भेंडीवर गारा पडल्या आणि सारा मळा झोपला. मामाजी कोणाला काही बोलले नाहीत. मंगळवारी नेहमीप्रमाणे पडदा लागला, पण आतून आवाज नाही. थोड्या वेळाने पडद्यातून मला हाक आली, "सूनबाई, तिले सांग, आज शेंदूर पातळ झाला हाय. चालवून घे म्हना." देवी हातभर अंतरावर, आणि निरोप माझ्यामार्फत! असे तीन मंगळवार गेले. तिन्ही मंगळवारी मी पडद्याबाहेर उभी राहून देवीला सासऱ्याचे निरोप सांगितले. चौथ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी भेंडीच्या झोडपलेल्या बुडख्यांना कोंब दिसले. दुसऱ्या दिवशी पडद्याआडून नेहमीचा आवाज आला, "आता कायले मस्का लावते? राहू दे. पाह्यलं मी सकायी." अबोला सुटला, आणि मीही सुटले.

हे सगळं असंच चाललं असतं, पण एका मार्गशीर्षात बनाईचा उजवा डोळा तांदळाच्या दाण्याएवढा खाली उतरला. बाया म्हणाल्या, मायले झोप येऊन राह्यली. मामाजी म्हणाले, "मेण पघळलं असन." आता मार्गशीर्षात आमच्याकडे खोबरेल तेल गोठतं, पण बोलणार कोण? पुढच्या मंगळवारी तो डोळा वर गेला आणि डावा बाजूला सरकला. मग हळूहळू दोन्ही डोळे एकाच अंगाला वळायला लागले. एका मंगळवारी आरती झाली, पडदा दूर झालेला होता, मामाजी मळ्याकडे गेले होते, आणि एक बाई एकदम ओरडली, "बाई वो! माय तिकडं पाहून राह्यली!" साऱ्या माना बनाईच्या नजरेमागोमाग दाराबाहेर वळल्या. तिकडे होतं आमच्या धुरेकऱ्याचं घर. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि बांधाला लागून ज्याचं शेत तो धुरेकरी. हा गृहस्थ आपल्या अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. अर्धं गाव आपल्याकडे बघतंय, आणि गावाच्या पाठीमागून देवी बघतेय, हे कळल्यावर त्याचा हात जो गालावर थांबला तो थांबलाच. त्या दिवशी तो अर्धी दाढी घेऊनच फिरला.

मामाजींचा आणि त्याचा अकरा वर्षं विस्तव जात नव्हता. कारण धुऱ्यावरचा लिंब. झाड कोणाचं, यावरून जे वाजलं ते वाजलंच. धुरेकरी तसा तुसडाच. बायको गेलेली, दोन्ही पोरं पुण्याला, अंगणात गुडघाभर गवत, आणि कोणी हाक मारली तर "काय हाय?" एवढंच उत्तर. पण देवीची नजर पडली आणि माणूस बदलला. पुढच्या मंगळवारी तो खण-नारळ घेऊन आला. नजर हलली नाही; उलट आणखी त्याच्याच घराकडे झुकली. मग त्याने अंगणातलं गवत काढलं. तुळस लावली. सकाळी उठून अंगण झाडायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि आपल्या दारातूनच बनाकडे बघून हात जोडायचा. एका सकाळी तर मी पाहिलं, तो सब्बल घेऊन धुऱ्यावरचे दगड उपटत होता आणि हातभर आत, स्वतःच्याच शेतात, नेऊन रोवत होता. कधी काळी त्याने ते आमच्याकडे सरकवले होते, हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं! त्याच आठवड्यात त्याने निरोप पाठवला, लिंब तुमचाच. मामाजी चक्रावले. "एवढा गोड झाला म्हंजे याले नक्की आपल्या हिरीचं पानी पाह्यजे," ते मला म्हणाले. देवी कुठे बघतेय हे मामाजींना कोणी सांगितलं नव्हतं. सारं गाव, माझ्यासकट, धरून चाललं होतं की ज्याने डोळे लावले त्याला दिसत असेलच.

एका मंगळवारी वाऱ्याने पडदा उडाला. मी ताट घेऊन नेहमीच्या जागी उभी होते. मामाजींचं डोळे लावून झालं होतं, आणि ते देवीसमोर बसून तिला आरसा दाखवत होते. मान थोडी तिरकी करून, अगदी कौतुकाने. "बराबर लागले ना माय? पाह्य बरं." आरशाची पत्र्याची पाठ देवीकडे होती. काच मामाजींकडे होती, आणि त्या काचेत स्वतःचाच चेहरा समोर असूनही त्यांना पत्ता नव्हता. इतकी वर्षं मी या माणसाच्या एकेका तऱ्हेला पदराआड हसत आले होते, पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं, ताटातली वाटी वाजली. मामाजींनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं आणि म्हणाले, "कोन हाय?" मी चार हातांवर उभी होते.

त्या दिवशी दुपारी मी स्पष्टच विचारलं. आधी त्यांनी मेणावर ढकललं, मग उन्हावर, मग माझ्यावर. शेवटी म्हणाले, "दोन सालं झाले. आधी धुकं दिसे, आता धुकंबी दिसत नाही बराबर." आम्ही त्यांना वाशीमला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, काढायला हवा. "पिकलं का तोडाले ते काय टमाटं हाय?" मामाजींनी डॉक्टरांना ऐकवलं आणि उठून बाहेर आले. ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, धूळ नाही, धूर नाही, शेंदूर तर नाहीच नाही. म्हणजे चार मंगळवार. आणि मुख्य म्हणजे गावाला कळणार. डोळे अधू म्हटल्यावर मान जाणार, आणि आमच्या ह्यांना लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, म्हणून तो जाणार मामाजींच्या चुलतभावाकडे. त्याचं मालेगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि त्याने मागेच सांगून ठेवलं होतं, "मेनाची कटकट कायले? एक डाव चांगला गम लावून टाकू. जनमभराची चिंता मिटली." मामाजींना अंधाराचं भय नव्हतं. त्यांना त्या गमाचं भय होतं. "गमानं चिकटले का माय जिंदगीभर टक लावून बसन," ते म्हणाले. "तिले मंगयवार नाही, आंग धुनं नाही, कोनी बोलाले नाही. सूनबाई, कोनाले सांगू नको. तुया पाया पडतो." सासरा सुनेच्या पाया पडतो म्हणाला. मी गप्प बसले. आमच्या ह्यांनाही गप्प बसवलं.

पण गाव कुठे गप्प बसतं! मायची नजर एका घरावरून हलत नाही, म्हणजे त्या घरात काहीतरी पाप आहे, असं आधी पाणवठ्यावर आणि मग पारावर बोललं जायला लागलं. धुरेकऱ्याच्या शेतावर निंदणीला जायला बाया तयार होईनात. पुढच्या मंगळवारी आरतीनंतर लोकांनी त्याला देवळासमोर उभा केला. काय केलं ते कबूल कर, नाहीतर देवीचा कोप साऱ्या गावावर येईल, म्हणाले. तो बिचारा खाली मान घालून उभा. "धुरा सरकवला होता," तो म्हणाला, "तो वापस केला. लिंब सोडला. आनखी काय केलं ते मले आठोत नाही. मायनंच सांगावं."  मामाजी देवळाच्या पायरीवर बसले होते. हे सगळं त्यांच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं. देवीची नजर कुठे आहे, धुरा का सरकला, लिंब का मिळाला, सगळं एकदम. मी त्यांच्याकडे बघत होते. ते गप्प राहिले असते तर मान वाचत होता, लिंब राहत होता, आणि अकरा वर्षांचा वैरी आपोआप आडवा होत होता.

ते काठी टेकत उठले. "त्याच्याकडं काही पाप नाही," म्हणाले. "मले दिसत नाही. दोन सालांपासून मी मायले आंदाजानं डोये लावून राह्यलो. हे नजर मायची नाही, माह्या मोतीबिंदूची हाय. त्याले सोडा."

 सगळ्यात आधी चुलतभावाला कंठ फुटला. "मंग नियमानं मान..." तो म्हणाला आणि थांबला, कारण धुरेकऱ्याने मान वर केली होती. एका मोतीबिंदूपायी हातभर धुरा आणि अख्खा लिंब गेलेला माणूस तो. साऱ्यांना वाटलं, आता हा मामाजींचा गळा धरतो. तो मामाजींकडे बोट दाखवत म्हणाला, "मोतीबिंदू याचा, नजर मायचीच. तिले जिकडं पाहाचं होतं तिकडं तिनं याच्या हातानं पाह्यलं. याले दिसलं असतं तर यानं कायले माह्या घराकडं पाहू देलं असतं?" मग तो गावाकडे वळला. "तुळजापूरची माय नवरात्राआधी निजते का नाही? मंग आपली बी निजन महिनाभर. डोये काढून ठेवा. इकडं हा बी डोये झाकून निजन. दोघं संगच उठतीन." तुळजापूरचं नाव निघाल्यावर बोलायला जागाच उरली नाही. चुलतभाऊ काहीतरी पुटपुटला, पण ते पुटपुटणं आरतीच्या तबकातल्या कापरासारखं तिथेच विरलं.

मामाजींनी पुढच्याच मंगळवारी चांदीचे डोळे काढले, लाल खणात बांधले आणि वाशीमला बरोबर नेले. दवाखान्यात ती गाठोडी उशाखाली. नर्सने विचारलं, "बाबा, उशाखाली काय हाय?" "डोये," मामाजी म्हणाले. ती पोरगी दोन पावलं मागे सरकली. ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी लागली, आणि महिनाभर मामाजी बनात दगडावर बसून राहिले, वाकायचं नाही म्हणून ताठ. आत बनाई डोळ्यांशिवाय खरंच निजल्यासारखी दिसायची. बाया देवळासमोरून जाताना हळू बोलायच्या. धुरेकरी रोज सकाळी यायचा आणि मामाजींच्या शेजारी बसायचा. अकरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं, पण दोघेही बोलायचे ते फक्त लिंबावर. शेवटी लिंब दोघांचा ठरला.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा मामाजींनी स्वतःचे हात पाहिले. "मायवो, एवढे शेंदरी?" मग घरभर फिरून माठ, दार, भिंत, सायकल सगळं पाहिलं आणि लाजून गेले. मग माझ्याकडे पाहत उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तुया केसात पांढरं कवा आलं वो?"  मी चुलीकडे तोंड फिरवलं.  त्या मंगळवारी पडद्याआडून आरसा ठेवल्याचा आवाज आला आणि पडदा सरला. डोळे असे सरळ, असे समोर लागले होते, की जो तो म्हणाला, माय आपल्याकडंच पाहून राह्यली. सारं गाव खूश झालं.

एक माणूस सोडून. दोन दिवसांनी धुरेकरी आमच्या ओसरीवर येऊन बसला. मी चहा दिला, तो निवून गेला तरी प्याला नाही.

"बराबर लागले आता डोये," तो म्हणाला.

"हो," मामाजी म्हणाले.

"एकदम सरळ."

"हो."

मग तो कपाकडे बघत म्हणाला, "माय माह्याकडं पाहे तवा भेव वाटे. पन बरं बी वाटे. घरात कोनी नाही माह्या. सकायी उठलो का वाटे, कोनतरी पाहून राह्यलं. मंग तोंड धुवा, आंगन झाडा, सदरा घाला. आता कोनासाठी झाडा?" आणि उठून गेला.  पण पुढच्या मंगळवारी पडदा सरला तेव्हा बनाईचे डोळे तिळभर, अगदी तिळभर, त्या घराच्या अंगाला झुकलेले होते. मी मामाजींकडे पाहिलं. याच माणसाने आदल्या दिवशी माझ्यादेखत पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला होता. "मेण पघळलं असन," ते म्हणाले आणि नैवेद्याचं ताट माझ्या हातातून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या अंगणातून खराट्याचा आवाज आला.

पुढे आमची दोघांचीही बदली वाशीमला झाली, पोरीची शाळाही तिकडेच, आणि आम्ही गाव सोडलं. मामाजींना चला म्हणून किती विनवलं. "मंगयवारी मायले डोये कोन लावन?" एवढं एकच उत्तर. निघताना त्यांनी वांग्यांची पिशवी दिली, प्रत्येक वांग्यावर बोट उमटलेलं. ती वांगी संपली, पण माझ्या हातून ती पिशवी धुतली गेली नाही. आता दोघे म्हातारे मिळून रांधतात आणि मिळून जेवतात म्हणे. फोनवर मामाजी मेथीचं सांगतात, बनाईचं सांगतात, धुरेकऱ्याच्या कच्च्या भाकरीचं सांगतात. कधी येता, हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. मला त्याचंच वाईट वाटायचं.

गेल्या पौषात दोन दिवसांची सुट्टी मिळाली तशी आम्ही न कळवताच निघालो. फाट्यावर एस.टी.तून उतरलो, आणि हे पोरीला आणि पिशव्या घेऊन घराकडे गेले. मी सवयीने आधी बनाकडे वळले. थंडी मरणाची होती. मामाजी आणि धुरेकरी देवळाच्या पायरीवर बसून मेथी निवडत होते. मला पाहून दोघांचीही धांदल उडाली. मी आत वाकून पाहिलं. बनाईचे डोळे समोर नव्हते आणि धुरेकऱ्याच्या घराकडेही नव्हते. ते दुसऱ्याच अंगाला, पार टोकाला वळलेले होते.

"मामाजी, हे काय?" मी विचारलं.

मामाजींनी मेथीवरून मान वर केली नाही. "मेण पघळलं असन."

"सहा महिने झाले सूनबाई," धुरेकरी म्हणाला, "एकाच अंगाले पघळून राह्यलं."

मी ओटी भरायला देवीपाशी गुडघे टेकून बसले. खण ठेवला, आणि ती बघते तिकडे तिच्या उंचीवरून सहज पाहिलं. दारातून मळ्यावरचा सारा रस्ता दिसत होता, थेट फाट्यापर्यंत. आमच्या मागची वाशीमची एस.टी. नुकतीच फाट्यावर येऊन थांबत होती.